नाव देणारी बुद्धी, नावं ठेवणारी बुद्धी

आजचा शास्त्रभाग: उत्पत्ती २:१५-२०
सोबत वाचा: उत्पत्ती ११:१-४, कलस्सैकरांस ३:९-१०



उत्पत्तीच्या पुस्तकातून आपण सावकाश चाललो आहोत. आज दुसऱ्या अध्यायात एका प्रश्नापाशी थांबू या. तरुण संघात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच: देवाने निर्माण केला तेव्हा पहिला माणूस किती हुशार होता?

याची दोन तयार उत्तरं आपल्या डोक्यात असतात. पहिलं शाळेच्या पुस्तकातल्या चित्रातलं. वाकून चालणारा, अंगावर केस, हातात सोटा, बोलणं म्हणजे नुसतं गुरगुरणं. दुसरं मोबाईलवर फिरणारं. आदाम म्हणे शंभर टक्के मेंदू वापरायचा, पापात पडल्यावर माणसाकडे दहाच टक्के उरला. हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेल. तो पुढे पाठवू नका. आपण मेंदूचा दहावा हिस्साच वापरतो ही गोष्टच खोटी आहे, मेंदूचे डॉक्टर ते केव्हापासून सांगत आहेत. देवाचा गौरव करायला खोट्या आकड्यांची गरज पडत नाही.

मग वचन काय सांगतं? बायबल उघडून माझ्यासोबत ओळीओळीने बघा.

१५ व्या वचनात देव माणसाला बागेत ठेवतो, मशागत करायला आणि राखायला. म्हणजे त्याला काम समजतं. १६ आणि १७ व्या वचनांत देव त्याला आज्ञा देतो. काय खायचं, काय नाही, आणि खाल्लं तर काय होईल. म्हणजे त्याला भाषा समजते, "जर-तर" समजतं, आजच्या कृतीचा उद्याचा परिणाम समजतो. गुरगुरणाऱ्या प्राण्याला कुणी असं बजावत नाही. आणि मग १९ वं वचन. देव एकेक प्राणी, एकेक पाखरू माणसापुढे आणतो आणि हा त्याला काय नाव देतो ते बघतो.

इथे जरा थांबा. ज्याने ते प्राणी घडवले, तो नाव ऐकायला थांबला आहे. माणूस जे म्हणेल ते नाव पक्कं होतं. देवाने एकही नाव खोडलं नाही, एकाही उत्तरावर लाल शाईची फुली मारली नाही. माणसाच्या बुद्धीचं बायबलमधलं पहिलं काम हे असं आहे. त्यात परीक्षा नाही, मार्क नाहीत. बाप लेकराचा बोबडा शब्द ऐकायला थांबतो, तसा देव थांबला आहे.

नाव द्यायचं तर आधी नीट बघावं लागतं. हे मला सेमिनारीच्या पुस्तकांआधी आमच्या आजीने शिकवलं. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे जुन्या उस्मानाबादमध्ये. आमच्याकडची उस्मानाबादी शेळी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. बहुतेक काळीभोर, दुष्काळातही तग धरणारी, अनेकदा जुळी देणारी. आता विचार करा, सात-आठ शेळ्या, जवळजवळ सगळ्या काळ्या. मला तर सगळ्या सारख्याच दिसायच्या. आजीला नाही. शिंगं नव्हती ती मुंडी. कपाळावर पांढरा ठिपका होता ती चांदी. एक कबरी, एक लंगडी. अंधारात नुसत्या ओरडण्यावरून ती सांगायची कोण भुकेली आहे आणि कुणाचं करडू चुकलंय. आजी शाळेची पायरी चढली नव्हती. रेशनच्या कागदावर अंगठा उठवायची. पण नीतिसूत्रे १२:१० मध्ये नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी जाणतो असा जो अर्थ आहे, तो मी तिच्या गोठ्यात बघितला. आदामाची बुद्धी कशी असेल असं कुणी विचारलं की मला शंभर टक्के मेंदू आठवत नाही. आजीचं ते बघणं आठवतं.

आणखी एक गोष्ट २० व्या वचनात आहे, घाईत वाचलं तर निसटते. सगळ्या प्राण्यांना नावं देऊन झाली आणि मग कळलं की माणसाला साजेसा सोबती यांच्यात कुणी नाही. म्हणजे बुद्धी पुरेपूर वापरल्यावर आदामाला काय गवसलं? आपण एकटे पुरेसे नाही, हे. खऱ्या बुद्धीची हीच खूण. ती माणसाला "मला सगळं कळतं" इथे नेत नाही, "मला कुणीतरी हवं आहे" इथे आणून सोडते.

मंडळीच्या इतिहासात थोर लोकांचंही या प्रश्नावर एकमत नव्हतं. दुसऱ्या शतकातला लियोंचा बिशप आयरेनियस म्हणायचा की आदाम आणि हव्वा लेकरांसारखे होते, त्यांना अजून वाढायचं होतं. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्विनासचं म्हणणं उलट होतं. पहिला माणूस पुढच्या सगळ्यांचा शिक्षक होणार होता, म्हणून देवाने त्याला ज्ञान देऊनच घडवलं. पण तोही लगेच मर्यादा घालतो. दुसऱ्याच्या मनातलं, उद्या काय होईल ते, किंवा ओढ्यात खडे किती आहेत, असल्या गोष्टी आदामाला ठाऊक असण्याची गरज नव्हती. मला यातलं "गरज नव्हती" फार आवडतं. सगळं माहीत असणं हा देवाचा गुण आहे. माणूस पूर्ण असायला सर्वज्ञ असावा लागत नाही. वाढणारं लेकरू असो की जाणता शिक्षक, दोघांची बुद्धी देवाकडून आलेली आणि देवाशी जोडलेली आहे, एवढं दोघांच्याही शिकवणीत आहे.

पण मग कुणी म्हणेल, "ताई, जुने लोक तर अडाणीच होते ना? खरी अक्कल आता आली." चला, थोडं आपल्याच मातीत बघू.

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीकाठी नेवासे आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया यांनी तिथे १९५४ ते १९५६ मध्ये उत्खनन केलं. त्या नदीकाठी आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. अशी कुऱ्हाड दोन्ही बाजूंनी ठोकून, टवके काढून, हाताच्या मुठीत बसेल अशी घडवलेली असते. घडवणाऱ्याला दगड हातात घेतानाच आतली कुऱ्हाड दिसत असली पाहिजे. शास्त्रज्ञ त्यांचा काळ लाखो वर्षांमागे नेतात. उत्पत्तीतला काळ कसा मोजायचा यावर विश्वासणाऱ्यांत वेगवेगळी मतं आहेत आणि तो वाद मी आज सोडवायला बसलेली नाही. मी फक्त एवढंच म्हणते, की तो दगड घडवणारा हात बिनडोक नव्हता.

आता आमच्या जिल्ह्यातलं तेर घ्या. तेरणा नदीकाठचं हे गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या "पेरिप्लस" नावाच्या ग्रीक व्यापारी पुस्तकात त्याचा उल्लेख आहे, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जायचं. आपले प्रेषित गावोगाव सुवार्ता सांगत फिरत होते, त्याच शतकात आमच्या तेरचं कापड समुद्राची वाट धरत होतं! गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय आहे. तिथे एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती थेट इटलीत, इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात सापडली. आणि तेरच्या जुन्या विटा तर अशा हलक्या, की पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा कालवायचा, भट्टीत तो जळून जातो, विटेत बारीक पोकळ्या राहतात. ना इंजिनिअरिंग कॉलेज, ना लॅब. निर्गम ३१ मध्ये देव बसालेलला आपल्या आत्म्याने भरतो, तेव्हा त्यातून कारागिरीच येते. सोनं, चांदी, लाकूड, दगड यांचं काम. हातातली अक्कल हीसुद्धा देवाचीच देणगी आहे.

तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचंही गाव. गोरोबांनी थापटण्याने एकेका संताचं डोकं ठोकून पक्कं मडकं कोणतं आणि कच्चं कोणतं ते सांगितलं, ही गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक असते. मला तिच्यावरून उत्पत्ती २:७ आठवतं. देवाने मातीचा माणूस "घडवला", तिथला इब्री शब्द कुंभार मडकं घडवतो त्यासाठीचाच आहे. आणि आदाम हे नाव "अदामा" या शब्दाशी नातं सांगतं. अदामा म्हणजे जमीन, माती. आपण मातीचे आहोत, पण कुंभाराच्या हातचे आहोत. आणि त्या मातीत त्याने स्वतः श्वास फुंकला आहे.

मग बिघडलं कुठे?

पुष्कळांना वाटतं, पापात पडल्यावर माणसाची बुद्धी कमी झाली. तिसरा आणि चौथा अध्याय वाचून बघा. बुद्धी संपलेली दिसत नाही, ती वळलेली दिसते. तिसऱ्या अध्यायात देव विचारतो, "तू खाल्लंस का?" आदामाचं उत्तर ३:१२ मध्ये आहे. दोष हव्वेवर, आणि तू मला दिलेली ती स्त्री म्हणत चलाखीने देवावरही. बचाव म्हणून उत्तर बिनतोड आहे! ज्या तोंडाने प्राण्यांना नावं दिली, त्याच तोंडाने आता बायकोला नावं ठेवली. आपली मराठी भाषा किती खोल आहे बघा. बारशाला आपण नाव ठेवतो तेव्हा लेकरू आपलं होतं. दुसऱ्याला नावं ठेवतो तेव्हा माणूस परका होतो.

चौथ्या अध्यायात काइनाचा वंश बघा. तंबूत राहून गुरं पाळणारा याबाल, वीणा आणि पावा वाजवणारा युबाल, तांब्या-लोखंडाची हत्यारं घडवणारा तुबल-काइन. शेतीभाती, संगीत, कारखाना, सगळं एका घरात. आणि त्याच घरात त्यांचा बाप लामेख, मारलेल्या तरुणाची बढाई बायकांपुढे मारणारा. हुशारी भरपूर होती, दया नव्हती.

आणि मग ११ व्या अध्यायात बाबेल. शिनारच्या मैदानात लोकांनी विटा भाजल्या, डांबर वापरलं, आकाशाला भिडणारा बुरूज बांधायला घेतला. वीट वाईट नव्हती, बांधकाम वाईट नव्हतं. ४ थं वचन कारण सांगतं. त्यांना स्वतःचं नाव करायचं होतं.

बागेत माणूस दुसऱ्याला नाव देत होता. पाप शिरलं आणि तो नावं ठेवायला लागला. बाबेलला येईपर्यंत त्याला फक्त स्वतःचं नाव कमवायचं होतं. बुद्धी तीच, दिशा तीन.

हे सगळं मी आज का लिहिते आहे तेही सांगते. आमच्या जिल्ह्यातला एक मुलगा इथे पुण्यात आमच्या उपासनेला येतो. नाव सांगणार नाही. "नीट"च्या तयारीसाठी दोन वर्षं लातूरला होता. लातूर पॅटर्न तुम्हाला माहीत आहेच. पहाटे उठायचं, टेस्ट, रँक, पुन्हा टेस्ट. दोन्ही वेळा नंबर लागला नाही. आता इथे एका दुकानात काम करतो. एका रविवारी खुर्च्या आवरता आवरता मला म्हणाला, "ताई, फीसाठी बाबांनी दावणीच्या सगळ्या शेळ्या विकल्या. आणि मला तर डोकंच नाही. देवानं मला घडवताना ते द्यायचंच राहिलं असेल. नाताळला गावी कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी त्याला लगेच काही बोलले नाही. खुर्च्या आवरून झाल्यावर आम्ही बाकावर बसलो आणि उत्पत्ती २ काढून वाचलं. मग मी त्याला विचारलं, "विकलेल्या शेळ्यांची नावं आठवतात का?" त्याने सहा नावं सांगितली. कोणती कशाने आजारी पडली होती, कोणती कुणाची पिल्लू, सगळं. सांगता सांगता रडला. मी त्याला म्हटलं, "हे डोकं नाही तर काय आहे? लातूरच्या पेपरात याला मार्क नव्हते, एवढंच."

परीक्षा महत्त्वाची नाही असं मी म्हणत नाही. अभ्यास करा, जीव लावून करा. डॉक्टर व्हायचं असेल तर रसायनशास्त्र यायलाच हवं. पण परीक्षा एका ठरावीक कामासाठी माणूस निवडते. तुम्ही कोण आहात हे ती सांगू शकत नाही, ते उत्पत्ती १:२७ ने आधीच सांगून टाकलं आहे. तुम्ही देवाच्या प्रतिरूपाचे आहात. हे रँक लागायच्या आधीचं आहे आणि रँक हुकल्यावरही तसंच राहतं. माणसाची किंमत जर नुसत्या हुशारीवर असती, तर आमची आजी कुठे गेली असती? आणि आता तर मशीनसुद्धा आपल्यापेक्षा भराभर उत्तरं देतं. मग आपण सगळेच बिनकिमतीचे झालो का?

तो मुलगा अजून गावी गेलेला नाही. पण त्याच संध्याकाळी त्याने वडिलांना फोन केला. वडिलांनी पेपरबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "जेवलास का?" एदेन बागेत देव संध्याकाळी फिरत आला तेव्हा त्याचाही पहिला प्रश्न "का केलंस?" असा नव्हता. तू कुठे आहेस, असं त्याने विचारलं. ३:९ वाचा.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात याहून जड विचार येत असतील तर एकट्याने झुंजू नका. पाळकांशी बोला, घरी बोला, किंवा १४४१६ या सरकारच्या टेली-मानस नंबरवर फोन करा. मदत मागणं हेसुद्धा शहाणपणच आहे. आदामालासुद्धा सोबती हवा होता.

आता सुवार्ता ऐका. वळलेली बुद्धी पुन्हा सरळ होते. कलस्सैकरांस ३:१० मध्ये पौल सांगतो की ख्रिस्तामध्ये जो नवा माणूस आपण धारण केला आहे, तो आपल्या निर्माणकर्त्याच्या प्रतिरूपाप्रमाणे पूर्ण ज्ञानासाठी नवा होत जातो. त्याच्या पुढच्या-मागच्या ओळी वाचा, कशाबद्दल आहेत? खोटं न बोलणं, राग सोडणं, करुणा, क्षमा. म्हणजे नवी बुद्धी मार्कशीटवर दिसायच्या आधी जिभेवर दिसते. १ करिंथ १५:४५ मध्ये प्रभू येशूला शेवटचा आदाम म्हटलं आहे. पहिल्या आदामाने प्राण्यांना नावं दिली. योहान १०:३ मधला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. पुनरुत्थानाच्या सकाळी पुन्हा एक बाग होती. रडणाऱ्या मरियेला तो माळी वाटला. त्याने मोठं स्पष्टीकरण दिलं नाही, तिचं नाव घेतलं. आणि तिला कळलं.

अशी सरळ झालेली बुद्धी आपल्या मराठी मातीतही दिसली आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी एका तरुण मराठी मुलीला "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. नाव कमवायला तेवढं पुरेसं होतं. पण पंडिता रमाबाईंनी प्रभूला जीवन दिलं, केडगावला मुक्ती उभी केली आणि दुष्काळात टाकून दिलेल्या बायका-मुलींना आसरा दिला. पुढे त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या, कशासाठी? न शिकलेल्या बाईलाही समजेल अशा सोप्या मराठीत बायबल यावं म्हणून. ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. एवढी मोठी बुद्धी आमच्या आजीसारखीला वाचता यावं म्हणून वाकली.

आज करायच्या तीन छोट्या गोष्टी:

१. रोज दिसतो पण ज्याचं नाव तुम्हाला माहीत नाही, असा एक माणूस शोधा. वॉचमनदादा, मेसच्या मावशी, कचरा नेणारे काका. नाव विचारा आणि उद्या त्या नावाने हाक मारा.

२. आज दिवसभरात कुणाला नावं ठेवायची वेळ आली, मग ते ऑफिसात असो की ग्रुपवर, तर एकदा तोंड मिटा. त्याच माणसासाठी त्याच्या नावाने प्रार्थना करा.

३. घरी फोन करा. कमी शिकलेल्या कुणा मोठ्या माणसाला त्यांना येणारी पण तुम्हाला न येणारी एक गोष्ट विचारा. पीक, पाऊस, जनावर, स्वयंपाक, काहीही. आणि नीट ऐका.

प्रार्थना करू या.

हे आमच्या निर्माणकर्त्या पित्या, तू आम्हाला मातीतून घडवलंस आणि तुझा श्वास दिलास म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या हुशारीचा गर्व आमच्यातून काढ, आणि आम्ही कमी आहोत ही भीतीही काढ. जे आज निकालाची वाट बघत आहेत आणि जे निकालाने खचले आहेत, त्यांना तू नावाने हाक मार. ज्यांनी आमच्यासाठी आपलं होतं नव्हतं ते विकलं, त्या आईबापांना आशीर्वाद दे. आमची जीभ नावं ठेवणारी नको, जवळ घेणारी होऊ दे. शेवटचा आदाम, प्रभू येशू ख्रिस्त, याच्या नावाने मागतो. आमेन.

उद्या उत्पत्ती २:२१-२५ वाचून ठेवा. प्रभू तुम्हाला राखो.